घडी व भाता

घडी ही इतकी नित्याची गोष्ट आहे की तिच्याकडे कोणी विचारपूर्वक पाहत नाही. थोड्या जागेत पुष्कळ वस्तू मावविण्याची एक युक्ती, एवढाच घडीचा अर्थ बहुतेकांच्या मनात असतो. कपाटातील कपडे, दप्तरातील नकाशा, पाकिटातील पत्र ही सारी घडीच्या याच उपयोगाची उदाहरणे होत. परंतु घडीचा याहून मोठा असा एक गुण आहे. कागद, कापड, चामडे किंवा पत्रा यांसारख्या सपाट वस्तूला योग्य घड्या घातल्या असता तिची अशी नळी अथवा पेटी बनविता येते की जी लांब होते, आखूड होते, वाकते, आणि प्रसंगी श्वासही घेते. लोहाराची भट्टी फुलविणारा भाता हे तिचे जुने रूप, आणि आमच्या शाळेच्या प्रार्थनेस साथ करणाऱ्या पेटीचा भाता हे तिचे आपल्या परिचयाचे रूप होय. हा भाता श्वास कसा घेतो, याचा विचार करण्याचे आम्ही या लेखात योजिले आहे. प्रश्न वरवर सोपा दिसतो. तथापि त्याच्या एका अंगाचा पूर्ण उलगडा गणितज्ञांना विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत झालेला नव्हता, हे वाचून आमच्या विद्यार्थिमित्रांस कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

प्रथम घडीचे दोन मूळ गुण ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला गुण असा की घडी ही साठवून ठेवलेली लांबी असते. नऊवारी लुगड्याचेच उदाहरण घ्या. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. एवढे कापड अंगाभोवती नुसते गुंडाळले तर पाऊल उचलणे कठीण होईल. परंतु त्याचा बराच भाग निऱ्यांत साठविलेला असल्यामुळे तेच लुगडे नेसून आमच्या म्हसळ्याच्या आसपासच्या खाचरांत स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या भाताची लावणी केली आहे. पाऊल पडते तेव्हा निऱ्या उघडतात, पाऊल मागे येते तेव्हा त्या मिटतात. कापड ताणले जात नाही व फाटतही नाही. साठा केवळ खुला होतो आणि पुन्हा जमा होतो.

हाच गुण माणगावास कोकण रेल्वेच्या गाडीत चढणाऱ्यास निराळ्या ठिकाणी पाहावयास मिळतो. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाण्याच्या वाटेवर घड्या घातलेले रबरी आवरण असते. गाडी वळणावर आली म्हणजे दोन डब्यांमधील अंतर वळणाच्या बाहेरच्या अंगास वाढते व आतल्या अंगास कमी होते. त्याबरोबर बाहेरच्या बाजूच्या घड्या उघडतात आणि आतल्या बाजूच्या मिटतात. कोणतीही नळी वाकावयाची म्हणजे तिची एक बाजू लांब व दुसरी आखूड झालीच पाहिजे. साध्या नळीपाशी ही जादा लांबी नसते, म्हणून ती वाकविताना चेपते. घड्यांच्या नळीपाशी ती आधीच साठविलेली असते, म्हणून ती सुखाने वळते. अमेरिकेतील जोसेफ फ्रीडमन या गृहस्थांनी पेय पिण्याच्या कागदी नळीत एक स्क्रू घातला, तिच्यावरून बारीक दोरा आवळून आट्या उमटविल्या, आणि वाकणाऱ्या नळीचे पेटंट 1937 साली मिळविले. तत्त्व तेच.

घडीचा दुसरा गुण पहिल्याच्या अगदी उलट आहे. वहीचा एक कोरा कागद एका कडेने धरून आडवा करावा. तो लगेच खाली लोंबतो. त्याच कागदाला पंख्यासारख्या, एक पुढे व एक मागे अशा, सारख्या घड्या घालून त्यांच्या लांबीच्या दिशेने तो आडवा धरावा. आता तो ताठ राहतोच. शिवाय दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवला तर पेन्सिल व खोडरबर यांचे ओझेही सहन करतो. कागद तोच आणि त्याचे वजनही तेच. मग हे बळ आले कोठून? ते उंचीतून आले. कागदाची जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर असते. दहा मिलिमीटर उंचीच्या घड्या घातल्या म्हणजे वाकविणाऱ्या जोराला तोंड देणारी उंची शंभरपट होते; आणि हिशेबाने पाहता वाकण्यास होणारा विरोध या पटीच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे दहा हजार पटींच्या घरात, वाढतो. अर्थात घड्या पसरून सपाट झाल्या नाहीत तरच हे खरे.

निसर्गाने ही युक्ती फार पूर्वी साधलेली आहे. ताडाचे पान कळीतून बाहेर येते तेच मिटलेल्या पंख्यासारखे घड्या घातलेले असते, आणि उघडल्यावरही त्या घड्या कायम राहतात. म्हणूनच एवढे पातळ व रुंद पान वाऱ्यात पसरून उभे राहू शकते. माडाच्या झावळीतील प्रत्येक पातेही मध्यशिरेवर दुमडलेले असते. माणसाने पत्र्याच्या बाबतीत तेच केले. लंडन येथील हेन्री रॉबिन्सन पामर या एंजिनिअरांनी 1829 साली पन्हाळी पत्र्याचे पेटंट घेतले, आणि पुढे हा पत्रा कोकणातल्या छपरांवरही आला. पन्हळीमुळे पातळ पत्रा दोन वाशांमधील अंतर सहज पेलतो. मात्र त्याचे बळ पत्र्यापुरतेच असते, त्याच्या बांधणीचे नव्हे. 3 जून 1920 नव्हे, तर अगदी अलीकडे, 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, म्हसळा व मुरूड या भागांतील असंख्य घरांची कौले व पत्रे उडविले, ते या पिढीच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. पत्रा कितीही ताठ असला तरी त्याचे खिळे व हुक जर ढिले असतील तर वारा त्याला उचलून नेतो.

येणेप्रमाणे घडी घातलेली वस्तू एका दिशेने ताठ व तिला काटकोन करणाऱ्या दिशेने लवचीक असते. पंख्याच्या घड्यांचा तोच कागद आडव्या दिशेने ओढला तर तो विनासायास लांबतो. एकाच वस्तूत हे दोन्ही गुण असावेत, यातच भात्याचे बीज आहे.

आता नळीकडे वळू. पंख्याच्या घड्यांचा कागद गोल करून त्याची घड्यांची नळी सहज होईल, असे कोणास वाटेल. ती घड्यांच्या लांबीच्या दिशेने उभी ठेवली तर नळी होते खरी, पण ती लांब-आखूड होत नाही. केवळ घेराने फुगते व आवळते. आपणांस घड्या नळीच्या भोवती कड्यांप्रमाणे हव्या आहेत. येथे भूमितीची अडचण उभी राहते. समजा, घडीच्या माथ्याशी नळीची त्रिज्या 3 सेंटिमीटर व तळाशी 2 सेंटिमीटर आहे. माथ्याचा परिघ सुमारे 18.8 सेंटिमीटर व तळाचा सुमारे 12.6 सेंटिमीटर होईल. म्हणजे प्रत्येक घडीत सहा सेंटिमीटरांहून अधिक फरक पडला. सपाट कागद गुंडाळून केलेल्या नळीत मात्र सर्व परिघ सारखे असतात. कागद ताणत नाही व आटतही नाही. मग हा फरक त्याने कोठून आणावा? धातू किंवा प्लास्टिक साच्यात दाबून ताणता येते, म्हणून त्यांच्या वळ्यांच्या नळ्या करता येतात. कागदाला व चामड्याला दुसरा मार्ग शोधावा लागतो.

एक मार्ग तिरप्या घड्यांचा आहे. पातळ नळी उभी धरून वरून सरळ दाबली असता ती पुष्कळदा चौकटीच्या, म्हणजे शंकरपाळ्याच्या, आकाराच्या खळग्यांनी चेपते. जपानी शास्त्रज्ञ योशिमुरा यांनी या चेपण्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा निबंध 1955 साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला, आणि या नक्षीस त्यांचेच नाव मिळाले. कागद ताणल्याविना नळी जेव्हा आत दबू पाहते तेव्हा ती हा आकार धारण करते, हे त्यातले मर्म होय. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग स्वतः करून पाहावा. 24 सेंटिमीटर रुंद व 16 सेंटिमीटर उंच असा थोडा जाड कागद घेऊन एका उभ्या कडेस एक सेंटिमीटरची चिकटपट्टी जादा ठेवावी. एकेक सेंटिमीटर अंतराने आडव्या रेषा आखाव्या. पहिल्या रेषेवर दर 4 सेंटिमीटरांवर ठिपके द्यावे. दुसऱ्या रेषेवर तेच ठिपके 2 सेंटिमीटर सरकवून द्यावे. तिसरी पहिलीसारखी, चौथी दुसरीसारखी, याप्रमाणे शेवटपर्यंत जावे. नंतर लगतच्या रेषांवरील जवळचे ठिपके तिरप्या रेषांनी जोडावे. सर्व आडव्या रेषा नळीच्या आतल्या अंगास दुमडाव्या व सर्व तिरप्या रेषा बाहेरच्या अंगास. घड्या नीट बसल्यावर कागद गोल करून चिकटवावा. तयार झालेली नळी साध्या कागदी नळीशेजारी ठेवून दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून पाहावी. साधी नळी लगेच सपाट होते; शंकरपाळ्यांची नळी हट्टाने आकार धरून राहते. वरून दाबली तर ती किंचित दबते व पुन्हा वर येते. हे ‘किंचित’ कोठून येते, ते पुढे कळेल.

दुसरा मार्ग भाते बनविणाऱ्या कारागिरांचा. त्यांनी गोल नळी सोडून चौकोनी पेटी पत्करली. चौकोनाच्या बाजू सरळ असल्यामुळे तेथे पुठ्ठ्याच्या किंवा पातळ फळीच्या ताठ पट्ट्या वापरता येतात, आणि परिघातील सर्व फरक चार कोपऱ्यांत गोळा होतो. बाहेरून 20 सेंटिमीटर बाजू असलेल्या चौकोनी भात्याची घडी प्रत्येक बाजूने 2 सेंटिमीटर आत गेली तर आतला चौकोन 16 सेंटिमीटरांचा होतो. परिमिती 80 वरून 64 वर आली. 16 सेंटिमीटरांचा हा फरक चार कोपऱ्यांत वाटला की प्रत्येक कोपऱ्यास 4 सेंटिमीटर आले. तेवढ्यासाठी कारागीर कोपऱ्यावर पट्ट्या तिरप्या कापतो आणि मधली मोकळी जागा मऊ, पातळ चामड्याच्या तुकड्याने झाकतो. भाता उघडला की हे चामडे पसरते, मिटला की ते आत चुण्या घेऊन बसते. बाजू ताठ व कोपरे मऊ, अशी ही सारी रचना आहे.

भात्याचे कार्य सांगावयास फार शब्द नकोत. लोहाराच्या जुन्या भात्यात दोन फळ्या व त्यांच्यामध्ये घड्यांचे चामडे असे. एका फळीस भोक व त्यावर आतून चामड्याची झडप असे. निमुळत्या टोकास भट्टीत जाणारी नळी असे. फळ्या दूर केल्या की आतली जागा वाढते. जागा वाढली की हवेचा दाब घटतो, हा नियम रॉबर्ट बॉईल यांनी 1662 साली प्रसिद्ध केला. बाहेरची हवा झडप उचलून आत शिरते. फळ्या जवळ आणल्या की आतला दाब वाढतो, झडप बंद होते, आणि हवेला नळीवाचून वाट उरत नाही. आज बहुतेक भट्ट्यांवर भात्याची जागा हाताने फिरविण्याच्या किंवा विजेच्या पंख्याने घेतली आहे.

पेटीत मात्र भाता अद्याप आपले स्थान राखून आहे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें यांनी 1840च्या सुमारास सिद्ध केलेले हार्मोनियम पायांनी हवा भरण्याचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटल्या पंचवीस वर्षांत कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी त्याला जमिनीवर बसून एका हाताने भाता चालविण्याजोगे रूप दिले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने 1880 साली ज्या संगीत रंगभूमीस बहर आणला तीवर पुढे पायपेटी व हातपेटी या दोन्ही नांदल्या, आणि गोविंदराव टेंबे (1881–1955) यांच्यासारख्या कलावंतांनी पेटीस साथीच्या वाद्याहून वरचे स्थान मिळवून दिले. या पेटीत वस्तुतः दोन भाते असतात. बाहेरचा भाता हाताने चालतो. त्यातली हवा झडपेतून आतल्या भात्यात जाते. आणि आतला भाता स्प्रिंगांच्या दाबाखाली ती हवा सुरांकडे सारखी ढकलीत राहतो. बाहेरचा भाता कळशीसारखा व आतला रांजणासारखा समजावा. कळशी खेपेखेपेने येते, पण रांजणातून पाण्याची धार अखंड वाहू शकते. म्हणूनच वाजविणाऱ्याचा हात मागे येतो तेव्हा सूर तुटत नाही.

आता मूळ प्रश्न. कोपऱ्यांतले मऊ चामडे ही कारागिराची केवळ सोय आहे, की त्यावाचून भाता होणेच अशक्य आहे? समजा, एखाद्या कुशल मिस्त्रीने न वाकणाऱ्या पत्र्यांचे तुकडे घेतले, ते सर्व बाजूंनी बिजागऱ्यांनी जोडले, कोठेही फट ठेवली नाही; तर अशा बंद पेटीचा भाता होईल काय? फ्रेंच गणिती कोशी यांनी 1813 साली सिद्ध केले की अशी आकृती सर्व बाजूंनी बहिर्गोल असेल तर ती मुळीच हलणार नाही. खाचाखळगे असलेल्या आकृतीचे काय, हा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षे राहिला. 1977 साली रॉबर्ट कॉनेली या अमेरिकन गणितज्ञांनी हलणारी एक आकृती शोधून काढली. आणि पुढे क्लाउस स्टेफेन यांनी केवळ चौदा त्रिकोणांची अशी आकृती दिली, जी पुठ्ठ्याची करून पाहता येते. ती हातात डोलते, आकार बदलते. तेव्हा ती हवा फुंकील, असे कोणीही म्हणेल. पण आश्चर्य असे की ती कितीही हलविली तरी तिच्या आतल्या जागेचे माप तिळभरही बदलत नाही. सर्वच अशा आकृत्यांविषयी हे खरे असावे, या तर्कास गणितज्ञांनी भात्याचेच नाव दिले. आणि साबितोव्ह, कॉनेली व वाल्झ यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याची सिद्धता मांडली. तात्पर्य, सर्वस्वी ताठ तुकड्यांचा बंद भाता हलू शकेल, पण श्वास घेऊ शकणार नाही. आमच्या कागदी नळीचे ते ‘किंचित’ दबणेही त्रिकोणांच्या ताठपणामुळे नव्हे, तर कागद मधे थोडा वाकतो म्हणूनच घडते.

कारागिराने हा सिद्धांत वाचलेला नव्हता. तरी त्याच्या हाताने मऊपणा नेमका जेथे पाहिजे तेथे ठेवला. आमच्या खाडीतल्या कोळंबीच्या अंगावरही हेच दिसते. तिचे कवच कठीण कड्यांचे असते, पण दोन कड्यांमध्ये पातळ, दुमडलेली त्वचा असते. कवच तिचे रक्षण करते व त्वचा तिला वळू देते. केवळ कवच असते तर तिला शेपटी आपटून मागे उसळी घेता आली नसती. केवळ त्वचा असती तर ती कोणाचेही भक्ष्य झाली असती.

या जुन्या विद्येस आज नवी क्षेत्रे लाभली आहेत. जपानच्या कोर्यो मिउरा यांनी शोधलेल्या घडीत तिरप्या चौकोनांचा पत्रा दोन कोपरे ओढताच एकदम पसरतो व तसाच मिटतो. 1995 साली अवकाशात सोडलेल्या एका जपानी यानावर सौरपत्रा पसरण्यासाठी तिचा प्रयोग करण्यात आला. ऑक्सफर्ड येथील संशोधक काओरी कुरिबायाशी व झोंग यू यांनी अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत मिटून घालावयाची व आत गेल्यावर उघडणारी घड्यांची धातूची नळी रचून दाखविली. तिच्या घड्यांचे नाते विद्यार्थ्यांनी वर केलेल्या कागदी नळीशी आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. घडी जेथे काम करते तेथेच ती झिजते. प्रत्येक वेळी दुमडताना बाहेरचे तंतू ताणले जातात व आतले दाबले जातात. चामडे जितके जाड, तितका हा ताण अधिक. म्हणून पेटीचा भाता गळू लागतो तो बहुधा कोपऱ्यातून व जोडांतून. आपल्याकडील पावसाळ्याच्या दमट हवेत सरस ढिला पडतो व चामड्यावर बुरशी चढते. यास्तव पेटी कोरड्या जागी, झाकून ठेवावी. पट्टी न दाबता भाता जोराने मारू नये, कारण हवेला वाट नसली की सारा जोर कोपऱ्यांवर येतो. आणि बारीक भोक दिसताच पातळ चामड्याचा तुकडा लावून घ्यावा. जाड ठिगळ लावल्यास भोक बुजते, पण कोपऱ्याचा मऊपणा जातो आणि शेजारी नवी चीर पडते. जाणता दुरुस्तीवाला पेटी हाती घेतली म्हणजे पट्ट्यांकडे नंतर पाहतो. प्रथम भाता उघडून त्याच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवितो. तो तसे का करतो, हे आता आमच्या विद्यार्थिमित्रांस निराळे सांगावयास नको.